तात्यांचं कपाट

"आज पण आलं न्हाई बघ तुझं कपाट."

मी अजून खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. ढमढेरे तात्या माझ्या टेबलापाशी उभे होते. हातात भिंग, नाकावर जाड चष्मा, सदऱ्याच्या खिशात औषधाच्या थेंबांची बाटली.

"तात्या, मला निदान घोटभर पाणी तरी पिऊ द्या."

"पी की. पाऊण तास बसलोय, अजून पाच मिनिटं बसतो. मला काय घाई हाय?"

हा टोमणा होता, आणि तो मला बरोबर लागला. त्या संस्थेत खरी घाई फक्त तात्यांनाच होती, हे आमच्या शिपाई हौसाबाईंपासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. साताऱ्यातली एक जुनी संशोधन संस्था, तीन मजली इमारत, आणि तिन्ही मजले जुन्या कागदांनी भरलेले. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तिथला एकुलता एक संगणकवाला होतो. नेमणूकपत्रावर हुद्दा भारदस्त होता, पण अडकलेला प्रिंटर सोडवण्यापासून आमच्या संचालक साबडे मॅडमच्या मोबाइलची रिंगटोन बदलण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. तरी मी स्वतःला फार हुशार समजायचो. पुण्याहून शिकून आलो होतो ना!

कपाट म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाची एक जागा होती. सकाळी संगणकाला नाव आणि पासवर्ड दिला की ती जागा ‘एच’ या अक्षराने आपोआप समोर यायची. आपलं काम तिथं ठेवायचं. रोज संध्याकाळी त्याची नक्कल दुसऱ्या दोन ठिकाणी निघायची. लोकांना हे समजावताना मी एकदा म्हणालो होतो, ‘समजा, हे तुमचं कपाट आहे.’ तेव्हापासून सगळे त्याला कपाटच म्हणायचे.

तात्यांच्या कपाटात एका वैद्याचं दप्तर होतं. कऱ्हाडकडच्या कुठल्याशा घराण्यातल्या वैद्यबुवांनी दोनशे वर्षांपूर्वी, चाळीस वर्षं, रोज आलेल्या रोग्यांची नोंद मोडीत लिहून ठेवलेली. अकराशे पानं. अक्षर इतकं किरटं की पुण्याहून मोडी वाचणारे दोघं आले आणि चहा पिऊन परत गेले. तात्यांना मात्र ते लागलं. भूमी अभिलेख कार्यालयात तात्यांची चाळीस वर्षं मोडी कागदांच्या नकला काढण्यात गेली होती. ते भिंगाखाली पान धरायचे आणि वाचायचे, "रखमा कोम बाळोजी सुतार, वय अदमासे तीस, पोटशूळ तीन रोज, हिंगाष्टक ताकाबरोबर दिल्हे." कोम म्हणजे बायको, हे मला त्यांनीच सांगितलं. मग दोन बोटांनी टकटक करत ते देवनागरीत टाइप करायचे. पडद्यावरची अक्षरं मी त्यांना बोरांएवढी मोठी करून दिली होती.

कारण तात्यांचे डोळे चालले होते. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडत होता. कडेचं दिसे, मधलं पुसलेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाचायचं ते वर्षभरात वाचून घ्या. पूर्वेच्या खिडकीतून चांगलं ऊन यायचं तेवढा वेळच डोळा काम द्यायचा. म्हणून तात्या सकाळी नऊ पंचवीसला हजर. आम्ही बाकीचे सव्वादहा, साडेदहा, आणि आमचे एक विद्वान तर अकरा.

"चला, बघू," असं म्हणून मी त्या दिवशी त्यांच्या खोलीत गेलो, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, त्यांच्याकडून नाव-पासवर्ड टाकून घेतला. कपाट समोर हजर.

"आलं की हो!"

"तुला बघून येतंय ते. मी सकाळपासून बोलावतोय."

"पासवर्ड नीट टाकला होता ना?"

"सुहासराव," तात्या शांतपणे म्हणाले, "पासवर्ड चुकला असता तर त्यानं मला आत तरी घेतलं असतं का?"

बोलणं बिनतोड होतं. पण ते मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. बाकी एकाही माणसाची अशी तक्रार नव्हती, मग मशीनमध्ये दोष कसा असेल? दोष म्हाताऱ्या बोटांत असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तरी जे जे पुस्तकात होतं ते केलं. केबल बदलली. तात्यांचं खातं नव्यानं बनवलं. त्यांना दुसरा संगणक दिला, आणि त्यांचा संगणक मॅडमना दिला. मॅडमच्या खोलीत तोच संगणक निमूट चालायला लागला, आणि तात्यांच्या खोलीत मॅडमचा संगणक रुसला. मी भिंतीतली वायरसुद्धा बदलली. दोन महिने गेले. रोज मी दहा-सव्वादहाला यायचो, बंद करून सुरू करायचो, आणि कपाट यायचं. तात्यांचा रोजचा पाऊण तास, चांगल्या उन्हाचा, तसाच जायचा.

एप्रिलमध्ये साबडे मॅडमनी मला बोलावलं. मॅडम आवाज कधी चढवायच्या नाहीत, आणि त्याचीच भीती वाटायची.

"सुहास, तात्यांची किती पानं झाली?"

"दोनशे दहा."

"या वेगानं ती पुरी होतील का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"त्यांना संगणक जमत नसेल तर आपण लेखनिक देऊ. पण तू म्हणतोस मशीन ठीक आहे आणि ते म्हणतात नाही. माझ्या दृष्टीनं ते खोटं बोलणारे गृहस्थ नाहीत."

म्हणजे मी खोटा. माझं डोकंच सणकलं. खाली आलो आणि तात्यांच्या संगणकात दोन ओळी लिहून टाकल्या: सर्व्हरवरचं कपाट मिळालं नाही, तर या संगणकाच्याच पोटात एक फोल्डर कर आणि त्यालाच एच म्हण. आधीची दोनशे दहा पानंही त्यात आणून ठेवली, म्हणजे समोर सगळं दिसेल. दोन दिवसांसाठी, असं मी स्वतःला बजावलं होतं. तोवर खरं कारण शोधून काढू.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तात्या माझ्या टेबलाशी नव्हते. खोलीत डोकावलो, तर खाली मान घालून टकटक चाललेली.

"काय तात्या?"

"आलं बाबा! बसल्या बसल्या आलं. जादू केलीस." त्यांनी पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढून माझ्या हातावर ठेवला. "पहिल्यापासनं म्हणत होतो, पोरगं हुशार हाय."

मी पेढे खाल्ले. चांगले चार खाल्ले. आणि तक्रार बंद झाली म्हणून खरं कारण शोधायचंही राहून गेलं. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले आणि मग ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. कोणी विश्वास ठेवो न ठेवो, साफ गेलं.

तात्यांचा हात मात्र आता असा बसला की दिवसाला पाच पानं. जूनमध्ये मॅडम म्हणाल्या, दर महिन्याला छापून फायलीला लावत जाऊ. मीच म्हणालो, "मॅडम, कागद कशाला वाया घालवायचा? रोज दोन ठिकाणी नक्कल निघते. इमारत कोसळली तरी तात्यांची पानं राहतील." मॅडम हसल्या. मला अजून ते हसणं आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ऑक्टोबरात तात्यांची साडेनऊशे पानं झाली. दीडशे उरली. त्याच सुमाराला त्यांचा डावा डोळा एकदम खाली गेला, आणि त्यांना इंजेक्शनांसाठी महिनाभर पुण्याला मुलीकडे जाऊन राहावं लागलं. जाण्यापूर्वी ते माझ्याकडे आले.

"सगळं हाय ना रे तिकडं, तुझ्या सर्व्हरवर?"

"आहे हो, तात्या. निर्धास्त जा."

मान वर न करता बोललो. नव्या संगणकांची खोकी आली होती, त्यांची यादी करत होतो. जुने संगणक एका शाळेला द्यायचे ठरलं होतं. देण्यापूर्वी मी सगळ्यांच्या डिस्क पुसल्या. नुसत्या पुसल्या नाहीत. दुसऱ्याच्या हाती आपले कागद पडू नयेत म्हणून एकावर एक तीनदा पुसल्या, अगदी मन लावून. तात्यांचीही.

तात्या दिवाळीनंतर परत आले. त्या दिवशी मी टेबलाशी पोचलो तर ते उभे होते.

"कपाट आलं न्हाई."

मला हसू आलं. "काय तात्या, नव्या मशीनला पण तुमचीच सवय लागली वाटतं." खोलीत गेलो, बंद करून सुरू केलं. कपाट आलं.

"हं, उघड. नऊशे पन्नासाच्या पुढं चालू करायचंय."

मी यादी खाली सरकवली. शेवटचं पान दोनशे दहा. तारीख एप्रिलची.

"काय झालं?"

"थांबा हां, तात्या."

यादी पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. दोनशे दहा. आणि मग मला त्या दोन ओळी आठवल्या.

"पुढचं बघ की," तात्या म्हणाले. ते कडेच्या नजरेनं, मान वाकडी करून पडद्याकडे बघत होते. त्यांना यादी दिसत नव्हती. मला तेव्हा खोटं बोलता आलं असतं.

"तात्या, पुढचं नाहीये."

"म्हंजे?"

सगळं सांगितलं. दोन ओळी, जुना संगणक, तीनदा पुसणं. सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती गेली?"

"सातशे चाळीस."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मग टेबलावरचं भिंग चाचपून पिशवीत ठेवलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली निघून गेले. मी मागं गेलो नाही, हिंमतच झाली नाही.

शाळेतून ती डिस्क परत आणली. पुण्यात गेलेला डेटा काढून देणाऱ्याकडे नेली. तो म्हणाला, "कोणी पुसलीय ही? फारच व्यवस्थित काम केलंय." त्यातून एक ओळही निघाली नाही.

मॅडमनी मला काढलं नाही. राजीनामा नेला तर म्हणाल्या, "तो उपयोगाचा नाही. आधी कारण शोध." म्हणून मी दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, तात्यांच्या वेळेला, नऊ पंचवीसला संस्थेत गेलो. दाराशी हौसाबाई कुलूप काढत होत्या. गेली वीस वर्षं संस्था उघडायचं आणि बंद करायचं काम त्यांचं.

"आज सूर्य कुठनं उगवला म्हणायचा!" त्या म्हणाल्या आणि दारामागच्या फळीवरचा मोठा खटका वर केला. सगळ्या मजल्यांवर दिवे लागले.

"हे काय केलंत?"

"मेन चालू केला. सांजच्याला बंद करते न्हवं का!"

"रोज?"

"रोज! मागं एकदा वायर जळून वरच्या मजल्यावरची दोन दप्तरं खाक झाली. तवापासनं नेम हाय. कागदाचं घर, इस्तवाला भ्यायलाच पायजे. मेन बंद केल्याबिगर कुलूप लावायचं न्हाई. तुमच्या त्या मोठ्या मशीनला तेवढी येगळी लाइन दिलीया."

मी वर पळालो. सर्व्हर चालूच होता. पण जिन्यातली नेटवर्कची पेटी, जिच्यातून सगळ्या वायरी जातात, ती नुकती जागी होत होती. तिचे दिवे स्थिर व्हायला घड्याळ लावून चार मिनिटं लागली. तात्यांचा संगणक एका मिनिटात तयार व्हायचा. नेटवर्क नसलं तर तो कालच्या ओळखीवर माणसाला आत घ्यायचा, पण कपाट कुठून आणणार? आणि ते तो एकदाच, सुरू होताना, मागायचा; तेव्हा नाही मिळालं की पुन्हा बंद करून सुरू करेपर्यंत नाहीच. संस्थेत सगळ्यांच्या आधी येणाऱ्या एका माणसालाच ते मिळत नव्हतं. उशिरा येणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते रोज न चुकता मिळत होतं. आणि यावर उपाय काय, तर ‘नेटवर्क येईपर्यंत थांब’ अशी एक खूण विंडोजमध्ये असते, ती करायची. मी ती केली. दहा सेकंदांचं काम. जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो.

पंधरा दिवसांनी तात्या परत आले, हात मुलीच्या खांद्यावर.

"बस इथं," मला म्हणाले. "मी वाचतो, तू टाइप कर. दोनशे अकरापासनं."

"डोळा चालतोय?"

"कडेकडेनं चालतोय. टाक."

मूळ पानांचे फोटो पडद्यावर मोठे करून दाखवायचा प्रयत्न मी आधी केला होता. उपयोग झाला नाही. तात्या म्हणाले, कागदच बरा. ते कागद खिडकीशी तिरका धरायचे आणि सांगायचे. सुरुवातीला एकेका शब्दाला अडायचे. तिसऱ्या दिवसापासून ओघ लागला. मला विश्वास बसेना. रोज सकाळी नऊ पंचवीसला मी तयार. आठवड्याभरात एकतीस पानं झाली. मी दर पानानंतर सर्व्हर बघायचो, दोन्ही नकला बघायचो. दीड-दोनशे पानं तरी वाचवू, असं मनात यायला लागलं होतं. दुपारचा डबा पुन्हा चवीनं खायला लागलो होतो.

सातव्या दिवशी ते सांगत होते, "साळू कोम हैबती माळी. बाळंत होऊन तेरा रोज. ज्वर. दशमुळाचा काढा दिल्हा. गुण आला."

माझी बोटं थांबली. परवाही तेरा रोज होते. परवाही हैबती माळीच होता, बाई मात्र दुसरी. मी मागची पानं चाळली. वैद्यबुवा मोठे सच्चे होते. गुण आला नाही तर ते तसं लिहीत, माणूस गेला तर गेला म्हणून लिहीत. पहिल्या दोनशे दहा पानांत दर चार रोग्यांमागे एक तरी दगावलेला होता. या एकतीस पानांत एकही मेलेला नव्हता. एकूण एक बरे होऊन घरी गेले होते.

"का थांबलास?"

"काही नाही. सांगा पुढचं."

तात्यांनी कागद खाली ठेवला. तोंड खिडकीकडे फिरवलं.

"हैबती परवा पण आला होता का रे?"

मी परवाचं पान पुन्हा उघडलं. हैबती तिथं होता, आणि मी तसं सांगितलं.

"चार अक्षरं लागायची," ते सावकाश म्हणाले. "कोम लागायचं, ज्वर लागायचं. पुढचं आपोआप तोंडात यायचं. मला वाटायचं, दिसतंय. आईशपथ सांगतो सुहासराव, मला वाटायचं दिसतंय."

"असू द्या, तात्या. काही शब्द तरी खरे असतीलच. आपण तशी टीप देऊ."

"कुठले खरे?"

मी पडद्यावरचं पान वर-खाली करत राहिलो.

"तुला सांगता येत न्हाई. मला पण येत न्हाई. मग कुणाला यायचं?" त्यांचा आवाज चढला. मी तो चढलेला कधीच ऐकला नव्हता. "चाळीस वर्सं मी नकलेखाली सही केली. अस्सलबरहुकूम, जसं मुळात तसं. एक शब्द लागला न्हाई तर कोरा सोडला, पण मनाचा घातला न्हाई. लोकांच्या जमिनी त्याच्यावर ठरायच्या. आणि आता हे? पूस."

"तात्या..."

"पूस म्हणतो ना."

मी एकतीस पानं निवडली. बोट कळीवर ठेवलं.

"पुसलंस?"

"हो," मी म्हणालो, आणि खरोखर पुसलं.

"तुझ्या त्या दुसऱ्या जागी पण निघते ना नक्कल?"

"निघते."

"निघाली असंल?"

"निघाली आहे. दोन्ही ठिकाणी. मी रोज स्वतः बघतो."

"तिथली पण पूस."

मी सर्व्हरच्या खोलीत गेलो. तात्या मागोमाग आले, भिंतीला हात लावत, आणि दारात उभे राहिले. त्यांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, ते नुसते ऐकत होते. पानं जागच्या जागी होती, दोन्हीकडे, तारीखवार, एकही कमी नाही. मी पहिल्या ठिकाणची पुसली. मग दुसऱ्या ठिकाणची पुसली.

"झालं?"

"झालं, तात्या."

"चल, मला जिना उतरवून दे," ते म्हणाले, आणि त्यांनी हात पुढं केला.